गल्लीतलं परमिट रूम आणि गल्लीतला गणपती (सांगली)

टिळकचौकी (धागाकर्ता)

काल गटारी झाली. साडेदहाला आमच्या बारच्या वेटरनं, मामानं, बिल ठेवलं, टेबल पुसलं आणि म्हणाला, "चला, आता दसऱ्यानंतर भेटू." मी म्हटलं, मामा, रविवारी मंडळाची मीटिंग आहे, तिथं भेटतोय की. "ते वेगळं," म्हणाला आणि आतली ट्यूब बंद केली.

त्या "ते वेगळं" वरून हा धागा.

चौदा वर्षं पुण्यात काढून मी सांगलीला परत आलो. पुण्यात बसायच्या जागा चकचकीत होत्या, नाही म्हणत नाही. पण आवाज एवढा, की समोरचा काय बोलतोय ते ओठांवरून ओळखायचं, आणि एका बिअरच्या पैशात इथं दोघांचं जेवणासकट भागतं. चौदा वर्षांत तिथल्या एकाही वेटरचं नाव मला कळलं नाही, त्यालाही माझं नाही. इथं दुसऱ्या खेपेलाच मामानं विचारलं, "तुम्ही मास्तरांचे धाकटे ना?" तेव्हाच कळलं की आता तिसरा पेग मागताना विचार करावा लागणार.

बारचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. आठ टेबलं, फाटलेलं रेक्झिन, काउंटरवर गणपतीचा फोटो आणि त्यावर लाल बल्ब. सकाळी शटर वर गेलं की शेठ आधी उदबत्ती लावतो, मग बाटल्या पुसतो. शेंगदाणे फ्राय, वर बारीक कांदा, मिरची, लिंबू. टीव्हीवर मॅच, आवाज बंद. आणि भिंतीवर ऑइलपेंटच्या तीन रेघा, पुराचं पाणी कुठवर आलं त्याच्या. सगळ्यात खालची २००५ ची, मधली २०२१ ची, सगळ्यात वरची २०१९ ची. वरची रेघ माझ्या डोक्याच्याही वर आहे. बाहेरचा पाहुणा आला की त्याला ती दाखवल्याशिवाय पहिला घोट घेऊ देत नाहीत.

बसणारे कोण? मार्केट यार्डातला हळदीचा एक अडत्या, एसटीचे रिटायर ड्रायव्हर, कॉलेजातला क्लार्क, सराफ कट्ट्यावरचा कारागीर, आणि एक वकील, जो फक्त सोडा पितो आणि सगळ्यांपेक्षा जास्त बोलतो. आता गंमत बघा. श्रावण लागला की यातले निम्मे गायब. उरलेले गणपतीत बंद. मग पितृपक्ष, मग नवरात्र. शेठ म्हणतो, "लोकांचं वर्ष पाडव्याला सुरू होतं, माझं दसऱ्याला." पण माणसं जातात कुठं? पन्नास पावलांवर, मांडवात! ड्रायव्हर मूर्तीचा ट्रॅक्टर चालवणार, पहिल्या गिअरवर, क्लच न जाळता. क्लार्क पावत्या फाडणार. कारागीर मखराला हात लावू देत नाही कुणाला. वकील पोलीस परवानगीचे कागद बघतो आणि तिथंही जास्त बोलतो.

मागच्या वर्षीच्या महाप्रसादाची गोष्ट सांगतो. मसालेभात, आमटी, कोशिंबीर, बुंदी. पंगत रस्त्यावरच. वाढायला पोरं कमी पडली तेव्हा मामा आला. डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत पाच ताटं एकावर एक अशी चढवली, की बायका बघत राहिल्या. कुणाला आमटी परत हवी ते न विचारता कळतंय त्याला. माझ्यासमोर ताट ठेवलं आणि सवयीनं शेजारी कांदा-लिंबाची डिश ठेवून गेला. फक्त माझ्यासमोर. बायकोनं डिशकडं बघितलं, मग माझ्याकडं. बुंदी काही घशाखाली उतरेना.

तर मंडळी, तुमच्या गल्लीत काय आहे? बार आणि मांडव यांचं जमतं का? आणि एक खरा प्रश्न, ज्यावर रविवारी वाद होणार आहे. शेठची वर्गणी सगळ्यात मोठी असते आणि अहवालात ती "एक गणेशभक्त" म्हणून छापली जाते. हे बरोबर का?

---

बेदाणा_एक्सप्रेस

लई भारी लिवलंय. आम्ही तासगावकर, आमचा गणपती दीड दिवसाचा. ऋषिपंचमीला रथ ओढला की मोकळे. त्यामुळं बारवाल्याचा तोटा तुमच्यापेक्षा कमी :)

बाकी दारूचा खरा उत्सव बघायचा असंल तर दसऱ्याला कवठेएकंदला या. रात्रभर दारू उडते. शोभेची. माझ्या मुंबईच्या मेव्हण्याला फोनवर "दसऱ्याला कवठेएकंदला ये, दारू बघायला" म्हटलं तर तो दोन मित्र घेऊन आला. रात्रभर आभाळाकडं बघत बसले बिचारे.

---

नाव_बदलून

पुण्याला नावं ठेवल्याशिवाय सांगलीकराचा धागा पुरा होत नाही. चालू द्या.

---

सांगलीची_लेक

टिळकचौकी, लेख आवडला. पण तुमच्या आठ टेबलांवर बाई एकही नाही, ते तुमच्या लक्षात तरी आलं का? "ओळखीची जागा" हे सुख पुरुषांचं. तुम्ही मास्तरांचे धाकटे म्हणून तिसरा पेग जपून मागता. मी मास्तरांची मुलगी असते तर पहिल्या पेगलाच बातमी गावभागापर्यंत गेली असती.

एकदा नवऱ्याबरोबर गेले होते विश्रामबागेतल्या एका ठिकाणी. "फॅमिली सेक्शन वर आहे." वर म्हणजे लाकडी पार्टिशन, मेणचट पडदा, भिरभिरणारी ट्यूब. वेटरनं माझ्यापुढं न विचारता लाइम सोडा ठेवला. नवऱ्यानं मागवला होता पापड, मी मागवली होती बिअर. बिल येईपर्यंत त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

गंमत म्हणजे इथून तासाभरावर पलूसला सरकारनं वाइन पार्क काढलं, २००१ च्या धोरणानंतर. द्राक्षं आमची, बाग माझ्या मामाची. पण त्या द्राक्षांची वाइन आपल्या गावात बसून निवांत प्यायची तर घरी पडदे ओढून.

मांडवात तेवढं बरं असतं. मुलींचं झांजपथक झालंय आमच्याकडं, आणि गौरीच्या रात्री झिम्मा-फुगडी मांडवासमोर, रस्ता अडवून. तीन तास रस्ता आमचा. एक दुचाकीवाला हॉर्न मारत होता, त्याच्या गाडीला वळसे घालून फेर धरला.

---

टिळकचौकी

@सांगलीची_लेक, खरं सांगतो, लक्षात नव्हतं आलं. उत्तर नाही माझ्याकडं. फेराचं वाचून मात्र हसलो. तो दुचाकीवाला मी नव्हतो.

---

डेसिबल_देशपांडे

बारबद्दल तक्रार नाही. बार अकरा-साडेअकराला गप होतो. तक्रार मांडवाची आहे.

रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहानंतर स्पीकर बंद, वर्षातले ठरावीक दिवस सोडले तर. हे सगळं २००० सालच्या नियमांत लिहिलंय आणि तिथंच राहिलंय. आमच्या घरासमोर डॉल्बी लागते तेव्हा आईच्या उशाशी ग्लासात ठेवलेली कवळी आपोआप वाजते. आई ऐंशीची. ती म्हणते, "माझे दात माझ्याआधी नाचायला लागलेत."

मागं एकदा सांगायला गेलो. पोरगं म्हणालं, "काका, वर्षातनं एकदाच हाय." गणपती एकदा, नवरात्र एकदा, जयंत्या चार, लग्नाच्या वराती मोजत नाही. वर्षातनं एकदाच असं वर्षात वीसदा.

पूर्वी हलगी होती, लेझीम होतं, फार तर बेंजो. बेंजोवाला दमायचा. दमणारं वाद्य पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

---

झांजवाला_पप्या

काका, नाद करा पण... जाऊ दे, तुमचं बरोबर हाय. "दमणारं वाद्य" आमच्या पथकाच्या टीशर्टवर छापतो, परवानगी द्या.

---

डेसिबल_देशपांडे

दिली. एक एक्सएल ठेवा.

---

खणभागातला

बरेच दिवस इथं फक्त वाचतो. आज लिहितो.

तुम्ही ज्याला गोड म्हणताय त्या ओळखीच्या बारची दुसरी बाजू मी घरात पाहिली आहे. माझे वडील असेच एका बारमध्ये रोज बसायचे. घरापासून दीडशे पावलं, लहानपणी मोजली होती मी, कारण बोलवायला मलाच पाठवायचे. तिथं सगळे मला ओळखायचे. कुणीतरी गालाला हात लावायचं, कुणी उकडलेलं अंडं हातात द्यायचं. ते अंडं मी खायचो आणि वडिलांची वाट बघत दारात उभा राहायचो. आज मी अंडं खात नाही.

ओळख होती म्हणून उधारी होती. अनोळखी बारनं पहिल्या दिवशी हाकललं असतं. इथं वही होती. लाल कापडाची, वाण्याकडं असते तशी. पगाराच्या दिवशी वही आधी, घर नंतर. आई एकदा त्या मालकाकडं गेली, बारमध्ये नव्हे, त्याच्या घरी, हळदीकुंकवाच्या निमित्तानं. त्याच्या बायकोसमोर त्याला म्हणाली, "भाऊ, वही बंद करा." त्यानं केली. वडिलांना साठ मिलीवर काही द्यायचं नाही असं वेटरला सांगून ठेवलं. वडील मग दुसरीकडं जायला लागले, लांब, जिथं कुणी ओळखत नव्हतं. तिथून त्यांना रिक्षावाले आणून सोडायचे, आणि एके रात्री कुणी आणलं नाही.

त्या पहिल्या मालकाला दोष देऊ की त्याचे आभार मानू, हे मला चाळिशीतही ठरवता आलेलं नाही. तो दर गणपतीला आमच्या घरी पहिला मोदक घेऊन यायचा. अजून येतो.

---

सांगलीची_लेक

@खणभागातला, वाचून गप्प झाले. तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

---

आडवी_बाटली

मला हेच म्हणायचं होतं. हा सगळा "आपला बार, आपली माणसं" प्रकार दारू गोड करून सांगायचा आहे. कायद्यात सोय आहे. वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या केल्या की मतदान घेता येतं, निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. साताऱ्यात, सांगलीत गावागावांत बायकांनी हे केलंय, तुमच्या गल्लीत का नाही?

---

टिळकचौकी

@आडवी_बाटली, सह्या गोळा करायला आलात तर माझी बायको पहिली सही करेल, कांदा-लिंबू विसरली नाहीये ती.

पण बंद झाल्यावर काय होतं तेही पाहिलंय. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं १ एप्रिल २०१७ ला महामार्गापासून ५०० मीटरच्या आतले बार बंद झाले, तेव्हा आमचा हाही काही महिने कुलपात होता. रस्त्याचा दर्जा काय आणि अंतर कुठून मोजायचं यावर वकिलाचं एवढं चाललं, की तो पहिल्यांदाच कामाचं बोलला. त्या काळात पिणारे थांबले नाहीत. दुकानातून बाटली घ्यायची आणि घाटावर. सकाळी पोहायला जाणाऱ्यांचे पाय काचेनं कापायचे. आता दरवाढीमुळं पुन्हा तेच सुरू झालंय. २०२३ च्या नोव्हेंबरात परमिट रूमचा व्हॅट ५ चा १० टक्के झाला, २०२५ मध्ये उत्पादन शुल्क वाढलं. शेठच्या टेबलावरची पोरं कृष्णाकाठी अंधारात बसायला लागली. तिथं "आता बास" म्हणणारा मामा नसतो.

@खणभागातला, तुम्हाला हे उत्तर नाही. तुम्हाला द्यायला माझ्याकडं उत्तर नाही.

---

मिरजेचा_तंबोरा

सांगलीकरांनी गणपतीवर बोलावं आणि मिरजेनं गप्प बसावं? तुमचा संस्थानचा गणपती पाचव्या दिवशी राजवाड्यातून निघतो, देखणा असतो, मान्य. पण मिरवणूक म्हणजे अनंत चतुर्दशीची मिरज. रस्त्याभर स्वागत कमानी, दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत विसर्जन. दारूची दुकानं त्या दिवशी बंद, आणि तरी काही मंडळी डोलत असतात. ती कुठून डोलतात हा दरवर्षीचा संशोधनाचा विषय.

बसायची माझी आवडती जागा मात्र वेगळी. मिरासाहेब दर्ग्याचा उरूस. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, ते याच आवारात विसावलेत. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात गाणं होतं. तिकीट नाही, सोफा नाही, जमिनीवर बसायचं. मागच्या खेपेला माझ्या एका बाजूला हमाल बसला होता, दुसऱ्या बाजूला सतारमेकर गल्लीतले एक म्हातारे. गायक सुरात येईना तेव्हा म्हातारे माझ्या कानात पुटपुटले, "तंबोऱ्याची जवारी सरकलीय, त्याची चूक नाही." पाच मिनिटांनी गायकानं खरंच तंबोरा खाली ठेवला आणि जवारीचा, म्हणजे तारेखालचा, दोरा सारखा केला. म्हाताऱ्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

अशी माणसं शेजारी बसतात म्हणून मी गल्ली सोडत नाही. चढायला दारूच लागते असं नाही.

---

माजी_खजिनदार

मूळ प्रश्न राहिलाच, बारच्या वर्गणीचा. अकरा वर्षं मी मंडळाचा खजिनदार होतो, म्हणून अधिकारवाणीनं लिहितो.

वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१-क खाली परवानगी काढावी लागते, उत्सव झाल्यावर हिशेब द्यावा लागतो. पावतीवर नाव लागतं. "एक गणेशभक्त" ही अहवालातली सोय आहे, पावती-पुस्तकातली नाही. पावती बहुतेक शेठच्या वडिलांच्या नावानं फाटत असणार. आमच्याकडं तरी तसंच होतं.

नाव का लपवतात? बारवाल्याला लाज वाटते म्हणून नव्हे. मंडळाला वाटते म्हणून. पैसे चालतात, बोर्ड चालत नाही. सराफाचा बोर्ड चालतो, पतसंस्थेचा चालतो, आणि इथल्या पतसंस्थांत बुडालेले पैसे बारमध्ये बुडालेल्या पैशांपेक्षा कमी नाहीत. पण असो, तो वेगळा धागा.

२०१९ चं सांगतो. ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाला ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. पाणी ओसरलं आणि २ सप्टेंबरला चतुर्थी. घराघरांत चिखल, गाद्या रस्त्यावर. आम्ही ठरवलं, मांडव नाही, फूटभर मूर्ती. वर्गणी मागायची नाही. आमच्या गल्लीतल्या बारवाल्याचा सगळा माल गेला होता. बाटल्या शाबूत, पण लेबलं धुऊन गेलेली, आणि लेबल नसलेली बाटली विकता येत नाही. क्रेट मांडून तो पायरीवर बसला होता. त्याच्या पाण्याच्या पंपानं आम्ही चार घरांचं तळघर उपसलं. संध्याकाळी आरतीला तो आला आणि तबकात पाचशेची नोट टाकली. ओली होती. मी ती वर्तमानपत्रात दाबून वाळवली आणि रोजकीर्दीला लिहिली. नावासकट. माझ्या अकरा वर्षांत बारचं नाव तेवढं एकदाच वहीत आलं.

---

झांजवाला_पप्या

खजिनदार काका, पुढच्या वर्षी परत उभं राहा की.

---

माजी_खजिनदार

नको रे बाबा. बीपीची गोळी चालू आहे.

---

बेदाणा_एक्सप्रेस

@टिळकचौकी, रविवारी काय झालं मग मीटिंगला?

---

टिळकचौकी

सांगतो. अडीच तास चालली. पाऊण तास वकील.

डॉल्बी रद्द, हे तिसऱ्या मिनिटाला ठरलं, कारण पैसेच नाहीत. झांजपथक आणि हलगी. @डेसिबल_देशपांडे, आईंना सांगा.

मग वर्गणीचा विषय मीच काढला. म्हटलं, यंदा अहवालात बारचं नाव छापू. दोन तरुण पोरं माझ्या बाजूनं, म्हातारे विरुद्ध. शेठ मागं बाकावर बसला होता, तो उठला. "नाव नको. नाव आलं की बायपासजवळचा नवा बारवाला दुप्पट देऊन मोठा बोर्ड लावणार. मग आरतीला पण त्याचंच नाव घ्या." सगळे हसले, विषय संपला. पावती वडिलांच्याच नावानं फाटली. @माजी_खजिनदार, तुमचा अंदाज बरोबर.

शेवटी पहिल्या दिवसाच्या पावत्या फाडायला घेतल्या. क्लार्कला चष्मा सापडेना म्हणून पुस्तक माझ्याकडं आलं. मामा रांगेत होता. दीडशे रुपये आणि वर एक नाणं माझ्यासमोर ठेवलं. मी तारीख घातली, रक्कम अंकात घातली, अक्षरात घातली, आणि "श्री." लिहून थांबलो. मामाच्या पुढं काय, ते मला माहीत नव्हतं. शेजारी क्लार्ककडं बघितलं. त्यालाही नाही. चौदा वर्षं पुण्याची आणि तीन वर्षं इथली, हिशेब तुम्हीच करा.

मामा जरा वेळ थांबला. मग नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. गाव उमदी, तालुका जत. मी लिहिलं. त्यानं पावती वाचली, आडनावातला एक दीर्घ दुरुस्त करून घेतला, चार घड्या घालून खिशात ठेवली.

---

बेदाणा_एक्सप्रेस

नाव काय मग?

---

टिळकचौकी

पावतीवर आहे.